सहा किलोमीटरची वाट

दीपकनं बारामतीत कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा लोकांना वाटलं, हा पोरांना टायपिंग शिकवून पोट भरणार. क्लास त्यानं चालवला, पण जीव लावला तो सायकलवाटेला. हे इंटरनेटवरचं एक पान. कुठून निघायचं, कुठं जायचं ते निवडलं की सायकलला सोयीची वाट आणि तिचं अंतर समोर यायचं. साल अठ्ठ्याण्णव. कॉम्प्युटरवरून पुण्याला फोन जोडून ते पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तरी पुण्यातल्या हौशी सायकलवाल्यांनी ते हुडकून काढलं, मेलवर शाबासकी दिली आणि आमचे दीपकराव हवेत तरंगायला लागले.

आता, त्या वाटा काही त्याच्या नव्हत्या. इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या वाटा त्याला म्हस्कूआबांनी दाखवल्या. आबा कळंबच्या अलीकडे वस्तीवर राहायचे. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालून झाल्यावर कळप विकून आता मुलांबरोबर शेती बघायचे. आबा पुढं चालत आणि दीपक सायकल हातात धरून मागून. चाकाला लावलेल्या मीटरचा आकडा तो वहीत उतरवायचा. काटे कुठं, कुत्री कुठं, प्यायला पाणी कुठं, हे आबा न विचारता सांगायचे.

वस्तीवरून वालचंदनगरला डांबरी रस्त्यानं नऊ किलोमीटर. कालव्याला फुटलेल्या चारीवरच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, आबांनी काढून दिलेली वाट सहाच. त्या फरशीवर उभं राहून आबा म्हणाले होते, "मास्तर, ही वाट कोरडी हाय तवर. कालव्याचं पानी सुटलं की हितनं जायचं न्हाय. शेवाळ धरतंय. मेंढरूबी पाय ठेवत न्हाय." दीपकनं ते तिथंच वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन भरायला बसला तेव्हा घोडं अडलं. त्याच्या प्रोग्रॅमला अंतर कळायचं, पाणी कळत नव्हतं. पाण्याचा नवा रकाना करायचा तर आधीची मांडणी उसवावी लागणार, आणि पुणेकरांना सुधारलेली सायकलवाट दिवाळीआधी दाखवायचा शब्द दिलेला. शिवाय नऊचे सहा करून दाखवायची हाव होतीच, ती कशाला लपवा! पुढच्या खेपेला बघू म्हणत त्यानं सहाचा आकडा टाकला. आबांचं वाक्य वहीतच राहिलं. वर ती वाट कागदावर छापून त्यानं मोठ्या तोऱ्यात वस्तीवर नेऊन दिली. आबांच्या बायकोनं, गोजरआजींनी, ती भिंतीतल्या देवळीत जपून ठेवली.

राजनंदिनी ही आबांची नात. आईबाप जळोचीला, ती बारावीसाठी आजी-आजोबांकडे राहिलेली. रोज एसटीनं वालचंदनगरच्या कॉलेजात जायची. फेब्रुवारीत नेमकी प्रॅक्टिकलच्या दिवशी एसटी आली नाही. पोरीनं कुणाला न विचारता देवळीतला कागद घेतला, चुलत्याची सायकल काढली आणि सहा किलोमीटरची वाट धरली. कालव्याला पाणी सुटून दोन दिवस झाले होते. फरशीवर चाक सरकलं, उजवा हात मनगटात मोडला. प्रॅक्टिकल बुडालं आणि परीक्षा ऑक्टोबरवर गेली.

दीपक फळं घेऊन भेटायला गेला. आबा ओट्यावरच बसले होते. त्याला बघून त्यांनी हात जोडले.

"मास्तर, तुमच्याकडं काय दोस न्हाय. पान्याचं तुमाला सांगायचं मीच इसरलो. डोस्कं चालंना आता."

वही दीपकच्या पिशवीतच होती. आणि हा शिकलासवरला माणूस काय म्हणाला? म्हणाला, "होतं असं, आबा. वयच झालं."

त्याच आठवड्यात त्यानं पाण्याचा रकाना केला. दोन दिवसांचं काम निघालं. अवघ्या दोन दिवसांचं! आता ते पान आधी विचारायचं, कालव्याला पाणी आहे का, आणि मगच वाट द्यायचं. पुण्याहून मेल आली, किती बारीक विचार केलात म्हणून. दीपकला ती पुरती वाचवेना. स्वतःचीच त्याला लाज वाटली.

एप्रिलमध्ये तो वस्तीवर गेला. पुढच्या वाटा विचारायच्या, हे निमित्त.

"माझ्या सांगन्यावर जाऊ नगा," आबा जमिनीकडं बघत म्हणाले.

गोजरआजींनी पदर डोळ्याला लावला. "मास्तर, ह्ये घर सोडीनात. मागल्या हप्त्यात कळंबच्या बाजाराला निघालं आन् फाट्यावरनं माघारी आलं. वाट चुकंल म्हनत्यात. ह्यो मानूस! अंधारात मेंढरं घिऊन कोकनात उतरनारा!"

दीपकनं पिशवीतून वही काढली, पान उघडून दारात उभ्या राजनंदिनीच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच," म्हणाला. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून नीट वळत नव्हती. तिनं डाव्या हातानं वही धरली.

"कालव्याचं पाणी सुटलं की फरशीवरून जायचं नाही. शेवाळ धरतं. मेंढरूही पाय ठेवत नाही." खाली तारीख होती, ऑक्टोबरातली.

आबांनी मान वर केली. "मंजी मी सांगितलं हुतं?"

"हो आबा. मी लिहूनही घेतलं. इंटरनेटच्या पानावर टाकलं नाही."

"आन् फळं घिऊन आलता, तवा ठावं हुतं तुमाला?"

"हो."

आबा शिव्या देतील, काठी उगारतील, असं दीपकला वाटलं. खरं तर त्याला ते हवंच होतं. पण आबा बायकोकडं वळले. "आगं, आयकलं का? मी इसरलो न्हवतो!" म्हातारा लहान पोरासारखा हसला आणि हसता हसताच डोळे पुसायला लागला. "दोन म्हैनं पोरान्ला हाक मारायला भेत हुतो मी. नाव चुकंल म्हनून."

मग त्यांनी खुंटीवरचं पागोटं काढून बांधलं, काठी घेतली. कळंबचा बाजार होता त्या दिवशी.

"आबा, मी येऊ सोबत?" दीपकनं विचारलं.

"नगं. मला वाट ठावी हाय," आबा पायऱ्या उतरत म्हणाले. "तुमी हितं बसा. पोरीशी बोला."

राजनंदिनीनं वही अजून मिटली नव्हती. ती दीपककडं बघत होती.