नाव आणणारा शेजारी बसतो

मायाताईंनी इतवारी बाजारातून नवऱ्यासाठी पायलटच्या पांढऱ्या शर्टाचं कापड आणून शिवायलाही टाकलं होतं.

"अजून नोकरीचा पत्ता नाही, अन् ही बाई शर्ट शिवून राहिली," बुटांच्या नाड्या बांधता बांधता धम्मानंद सर म्हणाले.

"भूमिकानं नाव नेलं म्हणजे लागलीच समजा. हो ना वं?" मायाताई दारातूनच म्हणाल्या.

"हाव ताई," भूमिका हसून म्हणाली. "शिंप्याला सांगा, दोन शर्ट शिव म्हणावं."

"पाहा! पोरगी काय म्हणून राहिली ते."

सर नुसते हसले. त्रेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीला निघालेला माणूस जसा हसेल, तसे. चौदा वर्षं त्यांनी एका फ्लाइंग क्लबात पोरांना विमान शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालची पोरं मोठमोठ्या विमान कंपन्यांत गेली, काही तर परदेशी उडतात. सर मात्र क्लबातल्या लहानशा विमानातच राहिले. पुढे क्लबाची विमानं जमिनीवर उभी राहिली ती राहिलीच, आणि गेली चार वर्षं सर प्रताप नगरातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवत होते.

भूमिका त्यांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी, हुडकेश्वरची. आता ती नागपुरातल्याच एका कंपनीची दोन खासगी जेट विमानं उडवायची. उद्योगपती, डॉक्टर, लग्नाला पोचायची घाई असलेली मंडळी, जो भाड्यानं घेईल त्याला घेऊन जायचं. कंपनीत पायलट इनमीन सात. एकाची जागा रिकामी झाली होती.

अशा कंपन्या पेपरात जाहिरात देत नाहीत. कुणीतरी कुणाचं तरी नाव आणतं. इथले मुख्य पायलट कॅप्टन गिरिधर यांनी त्याला स्वतःचा एक नियम जोडला होता. ज्यानं नाव आणलं, त्यानंच परीक्षेच्या वेळी शेजारी बसायचं. परीक्षा संपली की कॅप्टन त्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारत, 'उद्या याच्यासोबत उडशील?' तो हो म्हणाला तर माणूस घेतला, नाही म्हणाला तर विषय संपला.

भूमिकाला त्या प्रश्नाची धास्ती नव्हती. उत्तर तिच्या ओठांवरच होतं.

कारण सर नसते तर ती उडालीच नसती. आधीचे शिक्षक विमान जरा डळमळलं की तिच्या हातातून विमान वळवायचा दांडा हिसकावून घेत आणि वर रागावत. महिनाभरात तिचे हात दांडा धरायलाच भिऊ लागले. शिकणं सोडून घरी बसायचं तिनं ठरवलं होतं. मग सर आले. पहिल्याच दिवशी वळण घेताना तिच्याकडून विमानाचं नाक खाली जाऊ लागलं, आणि सर आपले हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

"काय दिसून राहिलं, बेटा?" त्यांनी विचारलं, जसं काही गच्चीवर बसून चांदण्या मोजत होते.

"नाक... नाक खाली चाललंय, सर."

"मग?"

मग तिनं ते वर घेतलं, स्वतःच्या हातानं. खाली तीन हजार फूट मोकळी हवा होती आणि शेजारी न घाबरणारा माणूस होता. चूक ज्याची त्यालाच सापडू द्यावी, हे सरांचं सगळं शिकवणं. चौदा वर्षं त्यांनी असं धीरानं थांबूनच पोरं उडवली.

विमानतळाच्या बाजूला एका खोलीत कंपनीनं सिम्युलेटर बसवला होता. सिम्युलेटर म्हणजे जेटच्या पुढच्या भागाची हुबेहूब नक्कल. समोरच्या पडद्यावर आकाश, ढग, धावपट्टी, सगळं दिसतं. मागे कॅप्टन गिरिधर बसून बटणं दाबत. एक दाबलं की इंजिन बंद, दुसरं दाबलं की धुकं.

पहिला तास असा गेला की भूमिकाला शेजारी बसूनच अभिमानानं भरून आलं. सरांच्या हातातली सफाई गेली नव्हती. उडता उडता इंजिन बंद पाडलं, सरांनी पायानं विमान सरळ धरलं, 'इंजिन बंद' अशी हाक दिली, कामं वाटून दिली, शांतपणे परत आणून उतरवलं. मागून कॅप्टन गिरिधर नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून 'हं' मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

मधल्या सुटीत सर पाणी प्यायला गेले. कॅप्टननी भूमिकाला खुणेनं बोलावलं.

"शेवटचं लँडिंग तू करायचं. ते नजर ठेवतील. दोनशे फुटांवर आलीस तरी धावपट्टी दिसणार नाही. नियम काय?"

"विमान परत वर न्यायचं."

"तू न्यायचं नाही. तसंच खाली जात राहायचं. त्यांनी ओरडावं, आणि ऐकलं नाहीस तर विमान तुझ्याकडून काढून घ्यावं. आणि त्यांना आधी सांगायचं नाही हं."

"हो सर," भूमिका म्हणाली. तिला उलट हायसं वाटलं. हे तर सोपं होतं. काट्याची केसभर चूक सरांच्या नजरेतून सुटत नसे.

विमान ढगात शिरलं. पडद्यावर नुसता राखाडी रंग. पाचशे फूट. तीनशे. सर नियमाप्रमाणे उंची मोठ्यानं सांगत होते. "दोनशे," ते म्हणाले. "धावपट्टी नाही."

भूमिकानं विमान खालीच जाऊ दिलं.

सरांची नजर उंचीच्या काट्यावर गेली आणि तिथून तिच्या हातांवर आली. म्हणजे त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं. आता ते ओरडतील.

"भूमिका," ते म्हणाले, अगदी हळू. "उंची बघ."

ती खालीच गेली. दीडशे. सर, घ्या ना, ती मनात म्हणत होती, घ्या माझ्या हातातून.

"काय दिसून राहिलं, बेटा?"

त्यांचे हात मांडीवर होते.

शंभर. ऐंशी. मग एकदम सरांचा आवाज फुटला, "वर! वर घे!" आणि त्यांचा हात दांड्यावर आला. पण इथे तीन हजार फूट नव्हते. पडदा लाल झाला, म्हणजे विमान जमिनीवर आदळलं होतं, आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

मग सर मागे वळून म्हणाले, "माझी चूक आहे, कॅप्टन. तिची नाही. हाक मीच उशिरा दिली."

कॅप्टननी भूमिकाला बाहेर बोलावलं.

"हात फार छान आहे त्यांचा," ते म्हणाले. "इतका स्वच्छ हात मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. म्हणून खरं सांगतो, माझं मन दोन्हीकडे आहे. तू हो म्हणालीस तर घेतो. सांग, उद्या त्यांच्यासोबत उडशील?"

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे विमानात मागच्या सीटवर झोपलेले प्रवासी आले. सलग चार उड्डाणं करून डोळे जड झाल्यावर एक दिवस ती खरोखर चुकणार होती. प्रत्येक जण एकदा चुकतोच. शेजारी सर असतील. त्यांना सगळं दिसेल, आणि ते तिच्यावर विश्वास ठेवून थांबतील.

"सवय मोडता येईल त्यांची," ती म्हणाली. "शिकतील ते."

"मोडेल कदाचित. प्रश्न उद्याचा आहे."

"नाही, सर," ती म्हणाली.

सर बाहेर तिच्या गाडीला टेकून उभे होते. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं.

"काय म्हणाले कॅप्टन?"

"विचारलं मला. उद्या उडशील का म्हणून."

"अन् तू?"

"नाही म्हणाले मी, सर."

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"ती चूक मला करायला सांगितली होती," ती म्हणाली. "परीक्षाच ती होती."

सरांनी झटकन तिच्याकडे पाहिलं. "सांगितली होती? मले वाटलं तू घाबरली. खरंच चुकली. म्हटलं, मागं हिचा साहेब बसून आहे, मी ओरडलो तं पोरीची नोकरी जाईल. आता सावरंल, आता सावरंल म्हणून..." ते थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याले काय माहीत, बाप्पा."

भूमिकाला गाडी बाजूला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकवून ती रडली. हे आधी कळलं असतं तरी तिनं नाहीच म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि त्यानंच जास्त रडू येत होतं. सर शेजारी बसून राहिले. ती सावरल्यावर म्हणाले, "चाल आता. क्लासची पोरं येतील."

मायाताई घराच्या फाटकातच उभ्या होत्या. "का झालं?"

"मीच नाही म्हटलं त्याहिले," सर म्हणाले. "हे आपलं काम नाही. केव्हाही फोन येते, केव्हाही जा लागते. घरी कोण राहीन?" आणि चपला काढून आत गेले.

मायाताईंनी भूमिकाकडे पाहिलं. तिला ते खोटं तसंच राहू देता आलं असतं.

"त्यांनी नाही, ताई. मी नाही म्हटलं."

"तू?" मायाताईंना क्षणभर कळेचना. "तूच तं नाव नेलं होतं."

"हो."

"मग एक डाव हो म्हटलं असतं तं का बिघडलं असतं वं? कोणाचं का गेलं असतं?"

"एखाद्या दिवशी मी चुकले असते, ताई. आणि सर थांबले असते."

"थांबतेतच ते," मायाताई म्हणाल्या. "तुझ्यासाठी थांबले ना? पोरगी कामाची नाही म्हणून साऱ्याहिनं सोडलं होतं तुले, तवा कोण थांबलं?"

एकेक करत मुलं सायकली लावून आत जाऊ लागली. मायाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि फाटक ओढून घेतलं.

"जा आता. काही दिवस येऊ नको वं इकडं," त्या म्हणाल्या. "ते तुले काही म्हणणार नाहीत. पण मले नाही पाहवत."

"हो ताई," भूमिका म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उड्डाण होतं. शेजारी कोण बसणार, ते अजून ठरायचं होतं.