मी 'झालं' असं कळवलं

ही २०२२ सालची गोष्ट. मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. दहिवडीच्या एका छोट्या रुग्णालयात जिन्याखाली बसवलेला काळा संगणक. सगळ्या रोग्यांच्या नोंदी माझ्यापाशी असत. ज्याला एखादे औषध सोसत नाही, त्याच्या नावावर मी लाल पट्टी दाखवी.

हे रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेची रुग्णालये सहा, म्हणून माझ्यासारखे सर्व्हरही सहा. सॉफ्टवेअर बदलले की मिरजेहून संस्थेचे संगणक सांभाळणारे जयपाल मोटारसायकलवर येत, नको झालेल्या फायली काढून माझ्यात जागा करत, नवे सॉफ्टवेअर बसवत आणि क्रांती सिस्टरांना हाक मारत.

"ताई, लाल पट्टी दिसतीया का बघा."

"दिसती की! दर खेपंला काय इचारताय? डोळं शाबूत हायती माझं."

"तुमचं हायती वो, याचं बघाय आलोय," म्हणत ते माझ्या पाठीवर थाप मारत.

सहा गावे हिंडून त्यांची कंबर धरली. मग त्यांनी मिरजेत बसूनच, एका आज्ञेत, सहाही ठिकाणी सॉफ्टवेअर पाठवण्याची सोय केली. आठवड्याचे काम चार मिनिटांवर आले. त्यांचा सत्कार झाला. माझ्याकडे मात्र कोणी फिरकेना आणि माझ्यातली जागा भरत गेली.

त्या नोव्हेंबरात नवे सॉफ्टवेअर आले. लाल पट्टी जिच्यावरून उमटे, ती औषधांची जुनी यादी पुसली गेली आणि नवी माझ्यात मावलीच नाही. पण पाठवणे संपले की कळवायचे, एवढेच मला शिकवले होते. मी 'झालं' असे कळवले.

दुसऱ्या दिवशी धुळा नावाचे मेंढपाळ पायाची जखम चिघळली म्हणून आले. सिस्टर सुई भरू लागल्या, तशी धुळांची बायको राहीबाई पुढे झाली.

"आवं सिस्टर, मागं हितंच सुईनं लय तरास झालता यांस्नी."

"मावशी, तसं असतं तर हितं लाल आलं असतं. बघा, कायबी न्हाई."

पडद्यावर खरेच काही नव्हते. सुई टोचताच धुळांचा श्वास कोंडला. तासाभरात ते गेले.

मित्रांनो, काम यंत्रावर सोपवा, पण अधूनमधून येऊन बघत जा. आणि समोरचे माणूस तोंडाने सांगत असेल, तर पडद्याकडे नको, त्याच्याकडे बघा.

चौकशीनंतर मला काढून मिरजेच्या कोठीत टाकले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून बाकीचे कळते. जयपालांनी नोकरी सोडली. ते भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात, संगणकाला हात लावत नाहीत. क्रांती सिस्टरांची इस्लामपूरला बदली झाली. सुईआधी त्या प्रत्येकाला तीनदा विचारतात. राहीबाईंनी मेंढरे विकली. गेल्या वर्षी नातू तापाने फणफणला, तरी त्यांनी त्याला दवाखान्यात नेऊ दिले नाही. पोर वाचले. त्याला आता ऐकू येत नाही.