सुरव, दुःरव

'महाराज, आधी रवा, मग बोला.'

राजकन्या विहिरीशी बोलते.

गंगापूर रोडच्या झेरॉक्सवाल्याने पान वाकडं स्कॅन केलंय.

गौख.

शून्य टक्के.

आता सरळ सांगतो. स्वरदा जुन्या संगीत नाटकांवर पीएचडी करते. 'कनकलेखेचा पण' हे नाटक शंभरेक वर्षांपूर्वी नाशिकच्याच एका शास्त्रीबुवांनी लिहिलं. त्यात सासरी निघालेली राजकन्या निरोप घेते: सुख सखीला सांगेन, दुःख विहिरीला. अभ्यासक म्हणत आले की शास्त्रीबुवांनी हे संस्कृत नाटकातून उचललं. स्वरदाला ते पटत नव्हतं. राजवाड्यातली मुलगी विहिरीशी कशाला बोलेल? पाणी शेंदायला दासी आहेत की. हे रोज विहिरीवर जाणाऱ्या बाईचं बोलणं आहे, म्हणजे ओवीतून आलेलं असणार. एवढ्यावर तिने अख्खं प्रकरण लिहिलं.

"'असणार'वर प्रकरण उभं राहत नाही," तिच्या मार्गदर्शक मनीषा मॅडम म्हणाल्या. "पुरावा आण. नाहीतर सोमवारी हे काढून टाकू."

पुरावा शोधायला विश्वेशचं सॉफ्टवेअर होतं. विश्वेश तिचा नवरा, प्रोग्रामर. स्कॅन केलेली पानं द्यायची, यंत्र त्यावरची अक्षरं वाचतं. एका बाजूला नाटक, दुसऱ्या बाजूला जुनी पुस्तकं. दोन्हीकडे तेच शब्द जवळजवळ आले की ओळ पिवळी होते.

नाटक भराभर पिवळं झालं. राजाचा उपदेश एका पोथीतला. विदूषकाचे निम्मे विनोद दुसऱ्याच्या प्रहसनातले. निरोपाचं पान तेवढं पांढरं, जुळणी शून्य टक्के. संस्कृत नाटकांच्या मराठी भाषांतरांशी जुळेना, ओव्यांशीही जुळेना.

रविवार. दुपार. पंखा.

"काढून टाकते प्रकरण."

"टाक. पण मला एक सांग, तुझा विदूषक पानोपानी रवा का मागतोय?"

"काय मागतोय?"

"रवा. 'आधी रवा, मग बोला.' शिरा करायचाय का त्याला?"

"दाखव."

तिने मूळ पान मोठं करून पाहिलं. जुन्या छापखान्याचा ख. त्याचे दोन भाग एकमेकांपासून फटकून उभे. यंत्राने एका अक्षराची दोन केली होती.

"रवा नाही रे. 'खा' आहे तो."

मग तिने निरोपाचं पान उघडलं. यंत्राने वाचलेलं असं:

सुरव सरवीला सांगेन, दुःरव विहिरीला. ती पोटात रारवील, दुसरीला देणार नाही.

"बघ," विश्वेश म्हणाला, "यंत्राला सुखदुःख कळत नाही असं नाना म्हणतात, ते अगदीच खोटं नाही."

"ते तुझ्या वडिलांचं तुझ्याबद्दलचं मत आहे. दुरुस्त कर."

"सोपंय. सगळ्या 'रव'चे 'ख' करतो."

"थांब. गौरवचं काय होईल?"

विश्वेशने टाइप करून पाहिलं. "गौख."

"आणि भैरव?"

"भैख." तो खुर्चीतल्या खुर्चीत हसत सुटला. तीही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मग दोघांनी एकेक शब्द हाताने नीट केला. चहा झाला. दुसरा झाला. नानांनी दारातून डोकावून विचारलं, "जेवायचंय का कुणाला?"

पान पिवळं झालं.

समोर मळेवाल्या बायकांच्या ओव्यांच्या एका संग्रहातली ओवी:

*सुख सांगते सखीला, दुःख सांगते विहिरीला*
*तीच पोटात राखते, देत नाही दुसरीला*

खाली बारीक अक्षरात: सांगणारी भागुबाई, मखमलाबाद, नाशिक.

सोमवारी मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"संग्रह आधीचा की नाटक?"

"संग्रह, मॅडम. माझ्याकडची प्रत नवीन छपाईची आहे, म्हणून त्यातला ख धड वाचला गेला."

"मग त्याच बायकांनी नाटक ऐकून ओवी केली, असं कुणी म्हणायला नको."

"नाही म्हणता येणार."

"ठेव प्रकरण." मॅडमनी पेन काढलं आणि पहिल्याच पानावरच्या एका शब्दावर काट मारली. "फक्त हे 'असणार' काढ. आता 'आहे' लिही."

स्वरदाने तिथेच, उभ्या उभ्या लिहिलं.

भागुबाई मखमलाबादला नांदायला आली तेव्हा नऊ वर्षांची होती.