मालनबाईचं पथ्य

नर्सने पिंकीला वजनकाट्यावरून उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढवलं. आकडा तोच आला. अठरा किलो.

“आठ साल की बच्ची है,” डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. “गर्मी में साढ़े उन्नीस थी. क्या खिला रहे?”

त्यांना मराठी कळायची, बोलायच्या मात्र दख्खनी हिंदीत. पिंकीची आई मानसी खाली बघत राहिली. उत्तर तिच्या सासऱ्याने, संभाजीने दिलं. बायको मालनबाईचा दमा त्याने अकरा वर्षं सांभाळला होता. ती उन्हाळ्यात गेली आणि महिन्याभरात नातीची छाती वाजायला लागली, तेव्हा तिचं खाणंपिणं त्याने आपल्या हातात घेतलं होतं.

“दही बंद आहे मॅडम. केळं, संत्रं, पेरू बंद. अंडं, मासळी, शेंगदाणे बंद. रात्री भात नाही.”

“और बचा क्या?”

“ज्वारीची भाकर. मुगाचं वरण.”

“इसमें से कुछ खा के दम फूला क्या कभी?”

“खाऊच देत नाही, तर फुलेल कसा?”

डॉक्टर हसल्या नाहीत. “पंप रोज देते?”

“देते,” मानसी म्हणाली.

“वो एक दिन भी नक्को छोड़ो. खाने की बंदी हटाओ. बिना खाए ताकत किधर से आएगी? फल, दाल, अंडा, दही, सब देना. जिस चीज से सच में तकलीफ हुई, वो लिख के लाओ. वो एकीच बंद करेंगे.”

“दही?” संभाजीने विचारलं.

“दही.”

“रात्री?”

“रात को भी.”

मानसी उठली. संभाजी उठला नाही. दारात पुढचा पेशंट येऊन उभा होता.

“मोठ्या माणसाला?” तो म्हणाला. “अकरा वर्षांचा दमा असला तर?”

“आप को है?”

“नाही,” तो म्हणाला. “मला नाही.”

नल्लकुंटा वस्तीतल्या घरी परत येताना मानसीने वाटेतच दही घेतलं, केळी घेतली. घरी पोचल्यावर तिने दहीभात कालवला, मीठ घातलं आणि वाटी पिंकीपुढे ठेवली. पिंकीने ती दोन बोटांनी लांब सारली.

“नक्को.”

“डॉक्टर बोलल्या ना.”

“नक्को, मम्मी.”

मानसीने केळं सोललं. पिंकीने आधी आजोबांकडे बघितलं. संभाजीने मान हलवली, खा म्हणून. तरी तिने ओठ उघडले नाहीत.

“मामा, तुम्ही सांगा तिला,” मानसी सासऱ्याला म्हणाली. “माझं ऐकते कुठं ती? तुमचंच ऐकत आली.”

“खा, बेटा.”

पिंकी त्याच्याजवळ सरकली. “आजी दही खाऊन मेली ना? तुम्हीच बोलले.”

मानसीने हातातलं केळं ताटात ठेवलं आणि सासऱ्याकडे बघितलं.

तो बोलला होता, आणि एकदाच नव्हे. पोर फ्रिज उघडायला गेली की बोलायचा, शेजाऱ्यांकडे ताटावर बसली की बोलायचा. घरातलं एक माणूस गेलं होतं, दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं. आता पोरीच्या गळ्याखालची हाडं फ्रॉकच्या वर दिसत होती. श्वासागणिक तिथे खड्डा पडत होता.

“नाही,” तो म्हणाला. “आजीने दही खाल्लंच नव्हतं.”

“मग?”

“मागत होती. शेवटच्या दिवशीपण मागितला. दोन घास दहीभात. मी दिला नाही.”

“का?”

“वाटलं, दिला तर मरेल.”

पिंकीने वाटीकडे बघितलं. “आणि नाही दिला तरी मेली.”

“हो.”

मानसीने चमचा उचलून सासऱ्याच्या हातात दिला. त्याने चमच्यात थोडा दहीभात घेतला. तो पिंकीच्या तोंडाशी नेला. तिने डोळे मिटून तोंड उघडलं, घास चावला, गिळला.

मग तिघंही तिच्या छातीकडे बघत बसले. पिंकीसुद्धा.