श्रीखंडाच्या डब्यातला मैदा

श्रीपादरावांनी एकदा जाहीर केलं की मागे हटणं नाही, आणि या वेळी त्यांनी निम्म्या बेलवलीला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं. "कुंदाच्या साठीचा केक मी करणार!" घरातल्यांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे केक उभ्या आयुष्यात कुंदाताईंनी केले, त्यांच्यासाठी मात्र कधी कुणी एक अंडं फोडलं नव्हतं. रिटायर झाल्यावर ही गोष्ट श्रीपादरावांच्या मनाला लागली, आणि चांगलीच लागली. बेकरीतून काहीही आणायचं नाही, असं त्यांनी लेकीला, ऋताला, बजावून ठेवलं होतं.

"चार वाट्या मैदा घ्या," कुंदाताई म्हणाल्या.

"कुठली वाटी? वाटी हे काय माप झालं?" अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळलेला माणूस तो! त्यांनी मोबाइलवर ग्रॅममधली कृती शोधली: अर्धा किलो मैदा, अर्धा किलो साखर, अर्धा किलो बटर. आणि बायकोला शेजारच्या ठमाबाईंकडे पिटाळलं.

बटरच्या पाकिटावर वजन छापलेलंच होतं. मैदा आणि साखर मात्र सुटी, आणि घरात काटा नाही. पण हुशार माणूस अशानं अडतो होय? ओट्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा होता, आपल्याकडे कुठल्या घरात नसतो? झाकणावर ठसठशीत लिहिलेलं: पाचशे ग्रॅम. श्रीपादरावांनी तो मैद्यानं काठोकाठ भरला, वरून सुरी फिरवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. मग साखरेनं भरला.

दुपारी ऋता फुगे घेऊन खरवईहून आली. तिनं पातेल्यात डाव बुडवून वर धरला.

"बाबा, केक करताय की कढी?"

"मापात आहे सगळं. अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो." त्यांनी डबा तिच्या नाकासमोर नाचवला.

"अहो, श्रीखंड भरलं तर अर्धा किलो! मैदा किती हलका असतो!"

एकाच डब्यात पाणी आणि पावडर सारख्या वजनाची मावत नाहीत, हे कारखान्यात नव्या पोरांना श्रीपादरावांनीच घसा कोरडा करून शिकवलेलं. आधी ते लाजले, मग त्यांना असं हसू फुटलं की ओट्याला धरून खाली बसावं लागलं. ऋताही फतकल मारून बसली.

"आता किती कमी पडलंय ते कसं कळणार?" ती डोळे पुसत म्हणाली.

"हँगर आण!"

कपड्यांचा हँगर दाराच्या कडीला लटकला. एका टोकाला पिशवीत पोह्यांचं अर्धा किलोचं बंद पाकीट, दुसऱ्या टोकाला पिशवीत डबाभर मैदा. पोहे धाडकन खाली! मग वरून चमचा चमचा मैदा. हँगर सरळ होईपर्यंत जेवढा घालावा लागला, तेवढाच पातेल्यात कमी, म्हणून तेवढाच तिथंही पडला. श्रीपादरावांना लहान पोरासारखं वाटत होतं. "अजून घाल! थांब थांब, जास्त झाला, काढ!" साखरेचंही तसंच करून झालं, आणि तेवढ्यात दारावरच्या खिळ्याला टांगून ठेवलेली मैद्याची पिशवी सुटून त्यांच्या डोक्यावर रिती झाली.

नेमक्या त्याच वेळी कुंदाताई दारात. पांढराफटक नवरा, दाराला लटकलेले पोहे, जमिनीवर लोळण घेणारी लेक. त्यांनी पदर खोचला.

"सरका, मी बघते."

"अजिबात नाही!" श्रीपादराव डाव उगारून ओरडले. "त्या खुर्चीत बस. तुझा हात लागला तर हा केक माझा कसला?"

कुंदाताई बसल्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात, दुसरं कुणी राबत असताना, नुसत्या बसल्या. हसू येतंय की रडू हे त्यांनाच कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही करून घेतलं. श्रीपादराव पाठ फिरवून जोरजोरात ढवळत राहिले, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते.

केक एका बाजूनं फुगला, दुसऱ्या बाजूनं बसला, पण शिजला अगदी मस्त. "जरा गार होऊ दे," ऋता म्हणाली, "पाहुणे येतील, मग कापू."

कुंदाताईंनी चमचा उचलला आणि टिनमधूनच गरम घास तोंडात टाकला. जीभ भाजली तरी थांबल्या नाहीत.

"अगं, पाहुण्यांचं काय?" श्रीपादरावांनी विचारलं.

"त्यांना उद्या दुसरा करून घाला," कुंदाताई टिन पुढ्यात ओढत म्हणाल्या. "हा माझा आहे."