रिसीव्हर जागेवर असू द्या

मित्रांनो, शिवणयंत्राच्या मागच्या फळीवर चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसलेला मी एक जुना टेलिफोन आहे. रंग काळा कुळकुळीत, पोटावर गोल तबकडी. कारखान्यातून निघालो तेव्हा असा चमकायचो की माझ्यात बघून भांग पाडावा.

मला आणलं टेलरमास्तरांनी. दुकान पुढे, घर मागे, आणि मी मधल्या दारात. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, कपडे वेळेवर देत नाही, पण फोन झकास आहे हो तुमचा." मास्तर सुई दातात धरून हसायचे.

मास्तरांची एक सवय होती. भारी कापड बेतायला घेतलं, की माझा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवायचे. घंटा वाजून कात्री हलायला नको. तेवढा वेळ मी मुका. बाहेरून कुणी कितीही नंबर फिरवो, त्याला आपलं 'एंगेज'.

एका संध्याकाळी मास्तरांची थोरली लेक मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. पहिलीच पार्टी. निघताना मास्तर तिला म्हणाले होते, "काही वाटलं तर फोन कर." आणि मग कोटाचं कापड पसरून, सवयीनं, मला मुकं करून बसले.

तिकडे पार्टीच्या घरात मोठं माणूस कुणी नव्हतं. सरबतात कुणीतरी दारू मिसळली होती. पिऊन झिंगलेला एक मुलगा मोटारसायकलवरून सगळ्यांना सोडतो म्हणत होता. थोरली पुन्हापुन्हा नंबर फिरवत होती. मी इथे आडवा पडलेलो, जीभ कापल्यासारखा.

तिची आई चहा घेऊन आली, तिनं मला पाहिलं.

"फोनला झोपवलंत होय? कोट कुठे पळून जात नाही. लेक बाहेर आहे."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला मात्र, आणि मी वाजलो. जन्मात असा वाजलो नव्हतो.

"बाबा, माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला उभंही राहवत नाहीये. तिला एकटीला टाकून येववत नाही. रागवा, पण या."

मास्तरांचा आवाज शिवणीसारखा सरळ निघाला. "दोघी दारापाशीच थांबा. कुणाच्या गाडीवर बसू नका. रागवायचं उद्या बघू."

गळ्यात टेप तसाच ठेवून ते रिक्षेत बसले. दोघींना घेऊन आले. त्या रात्री एकही प्रश्न विचारला नाही. फक्त मुलींच्या उशाशी पाणी ठेवलं, आणि जाता जाता माझ्यावरून हात फिरवला. त्यानंतर कोटाच्या बाह्या वाकड्या गेल्या, पण मी मुका झालो नाही. गल्लीतल्या मुलांनीही पुढे माझा नंबर पाठ केला.

आता माझी तार काढली आहे. थोरलीचा मुलगा पार्टीला जातो तेव्हा ती स्वतःचा फोन उशाशी ठेवते, आणि माझ्यावरची धूळ उगीच पुसत बसते.

म्हणून सांगतो मित्रांनो, एक नंबर पाठ ठेवा, आणि डगमगणाऱ्या सोबत्याला एकटं टाकू नका. तुमच्या घरच्या मोठ्यांनाही माझा निरोप द्या: आधी आणायला जा, मग रागवा. आणि मूल बाहेर असेल, तेव्हा रिसीव्हर जागेवर असू द्या.