उपासाची खिचडी आणि माझा सूड

मी एक जुने, रक्त घुसळणारे यंत्र आहे. माझे मोठे नाव सेंट्रिफ्यूज. पण अंधेरीच्या आमच्या तपासणी केंद्रात मला सगळे 'चक्री' म्हणत. माझा वेग विचारू नका. पोटात चुकून फिरलेला एक डास पुढे जन्मभर गोलच उडत राहिला.

रक्ताची नळी गरगरा फिरवायची, हे माझे काम. लाल खाली बसते, पिवळसर पाणी वर राहते. मुलांची उंची वाढवणारे हार्मोन त्या पाण्यात किती आहे, ते पुढे मोजत. तरुणपणी माझे फार कौतुक झाले. मग जयवंत हा तंत्रज्ञ आला. तेल घालायचे सोडून तो मला लाथा घालू लागला. मित्रांनो, मी एकही लाथ विसरले नाही.

१९८६ साली वेसाव्याच्या सोनूबाई आपल्या बुटक्या नातीला, मीराला, घेऊन आल्या. पोरीला उपास घडवा, असे जयवंतने आदल्या दिवशी बजावले होते. धावपळीनंतर ते हार्मोन उसळते, म्हणून त्याने मीराला जिने चढायला-उतरायला लावले आणि मग रक्त काढले. मी फिरवले, तर वरचे पाणी दुधासारखे पांढरे. चक्री खटारा झाली म्हणत त्याने मला लाथ हाणली. मीही झाकण असे आवळले, की मीराच्या दोन नळ्यांतली एक पोटातच राहिली.

अहवालात हार्मोन जवळजवळ नाहीच. म्हणजे मीराला वर्षानुवर्षे हार्मोनच्या सुया. मीरावर उपचार करणाऱ्या डॉक्टर वनमालाबाईंना शंका आली. त्या सोनूबाईंना घेऊन केंद्रात आल्या. जयवंतने सगळे माझ्यावर ढकलले. हिला भंगारात काढा म्हणाला. बाईंनी झाकणाला हात लावताच मी उघडले. नळीत वर सायीसारखा थर.

"ही जेवून आली होती," बाई म्हणाल्या.

"जेवंल कशी? उपास व्हता ना तिचा," सोनूबाई म्हणाल्या. "साबुदान्याची खिचडी दिली. वर दान्याचा कूट, वर तूप. यानीच सांगलं, उपास घडवा."

"जयवंत, 'काही खाऊ नका' एवढं बोलायला तुझी जीभ झिजत होती का रे? पोट भरलं की ते हार्मोन दबतं, हे तुला शिकवलंय ना?"

जयवंतने रागाने माझ्यावर पाय उगारला. माझे बटण बंद होते, शपथ. तरी मी अशी गरकन फिरले, की ती सगळी साय त्याच्या मिशांवर.

मीरा पुन्हा आली, या वेळी खरोखर रिकाम्या पोटी. हार्मोन झकास निघाले. उशिरा वाढणारी पोर, एवढेच. सुया टळल्या.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला आणि माणसाला समजेल असे सांगा. नाही तर माझे जातभाई तुमच्याही घरात आहेत. तो मिक्सर बघा, कसा गप्प बसून सगळे लक्षात ठेवतो आहे.